अयमनमच्या घरात दोष कोणाचा?

(दृश्य: मीनचिल नदी, काठावरची कौलारू घरे.)

केरळातल्या कोट्टायम शहराजवळ मीनचिल नदीच्या काठी अयमनम नावाचे गाव आहे. अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्स’ या कादंबरीतले घर याच गावातले आहे, आणि १९९७ साली ती प्रसिद्ध झाल्यापासून वाचक त्या घरावरून भांडत आले आहेत. वाद वरवर पाहता भाषेचा, राजकारणाचा किंवा अश्लीलतेचा दिसतो. परंतु थोडे खणले, तर बहुतेक वेळा तळाशी एकच प्रश्न सापडतो, तो म्हणजे या घराचे वाटोळे नेमके कोणी केले.

पप्पाची हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कीटकशास्त्रज्ञ बाहेर अतिशय सभ्य म्हणून ओळखले जातात आणि घरी रात्री बायकोला पितळी फुलदाणीने मारतात. त्यांची बायको मम्माची लोणच्यांचा कारखाना उभा करते, आणि ऑक्सफर्डला शिकून आलेला मुलगा चाको तो ताब्यात घेतो. मुलगी अम्मू दारुड्या नवऱ्याला सोडून एस्था आणि राहेल या जुळ्या मुलांसह माहेरी परतते, तेव्हा बेबी कोच्चम्मा या अविवाहित आत्याला ती डोळ्यांसमोर नकोशी होते. १९६९ च्या डिसेंबरमध्ये अम्मूचे वेलुता या अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या परवन जातीच्या कारागिरावरचे प्रेम उघडकीस येते, त्याच रात्री चाकोची इंग्लंडहून आलेली मुलगी सोफी मोल नदीत बुडते, आणि पोलीस निरपराध वेलुताला मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत मारतात.

(दृश्य: लंडनमधील पारितोषिक समारंभाची छायाचित्रे.)

त्या वर्षीचे बुकर पारितोषिक या कादंबरीला मिळाले. अमेरिकेत कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी तिचे मनापासून कौतुक केले, तर आदल्या वर्षीच्या बुकर परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष कार्मेन कॅलिल यांनी दूरचित्रवाणीवर तिला चक्क टाकाऊ ठरवले. त्या चर्चेत शब्दांचे खेळ, पुनरुक्ती आणि मागेपुढे उड्या मारणारा काळ यांविषयीच अधिक बोलले गेले. दूरच्या वाचकाला ती मोकळीक असते, कारण त्या घराच्या शेजारी त्याला राहायचे नसते.

केरळात ती मोकळीक नव्हती. कादंबरीत केरळचे पहिले कम्युनिस्ट मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे वडिलोपार्जित घर पर्यटकांच्या हॉटेलचे भोजनगृह झालेले दाखवले आहे आणि गावातला कम्युनिस्ट पुढारी संकटात सापडलेल्या वेलुताला, तो पक्षाचा माणूस असूनही, वाऱ्यावर सोडतो, हे डाव्या वाचकांच्या जिव्हारी लागले. मार्क्सवादी समीक्षक एजाज अहमद यांनी ‘फ्रंटलाइन’ या इंग्रजी नियतकालिकामध्ये लिहिलेल्या लेखात तिच्या गद्याची मुक्त कंठाने प्रशंसा केली, मात्र कम्युनिस्टांचे चित्रण द्वेषमूलक आहे आणि सगळ्या सामाजिक कोंडीची सुटका अखेर शरीरसुखात शोधली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. दुसरा मला पटत नाही, कारण त्या सुखातून कोणाचीही सुटका होत नाही.

एका वकिलाने शेवटच्या प्रकरणावरून अश्लीलतेचा खटला भरला आणि तो अनेक वर्षे रेंगाळला. याच पुस्तकात नवरा बायकोला मारतो, मालक कारखान्यातल्या बायकांचा उपभोग घेतो, चित्रपटगृहात एका लहान मुलावर अत्याचार होतो. यांपैकी कशानेही न्यायालयाची पायरी चढली नाही. ती चढली दोन प्रौढ माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमामुळे, ज्यांतली स्त्री केरळात उच्च मानल्या जाणाऱ्या सीरियन ख्रिस्ती समाजातली होती आणि पुरुष दलित.

(दृश्य: जुन्या कायद्याचे मुद्रित पान, सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

ही माणसे मुळातच विक्षिप्त आहेत, असे मानून वाचणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांना पुस्तक दमछाक करणारे वाटते आणि त्यात कोणावर जीव लावावा असे कोणी सापडत नाही. दुसरा वर्ग या घराकडे कायद्याच्या बाजूने पाहतो. त्रावणकोर या केरळातल्या जुन्या संस्थानाच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता बाप वारला, तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल तेवढेच मिळत असे. हा कायदा ध्यानात ठेवून वाचले की अम्मूचे माहेरी राहणे म्हणजे उपकारावर राहणे कसे होते, हे कळते. ती कारखान्यात भावाइतकीच राबते, पण मालक चाको असतो. चाकोच्या ‘पुरुषी गरजां’साठी मम्माची त्याच्या खोलीला वेगळे दार पाडून देते आणि तीच मम्माची अम्मूचे प्रेम कळताच तिला खोलीत कोंडते. अपर्णा वेलणकर यांच्या अनुवादातून ही कादंबरी वाचणाऱ्या मराठी माणसाला यासाठी त्रावणकोरचा कायदा पाठ असण्याची गरज नाही. बहिणीने सही करून दिलेले हक्कसोडपत्र पुष्कळ घरांच्या कपाटात आहे.

मला हे दुसरे वाचन अधिक खरे वाटते, तरी ते सगळीकडे पुरे पडत नाही. बेबी कोच्चम्माही त्याच व्यवस्थेत पिचलेली आहे. तरुणपणी एका आयरिश पाद्र्यावर जडलेले निष्फळ प्रेम उराशी धरून ती म्हातारी झाली, म्हणून काही वाचक तिची कीव करतात. पोलीस ठाण्यातल्या प्रसंगाशी मात्र ही कीव संपावी. वेलुताविरुद्ध पोलिसांत दिलेली आपली खोटी फिर्याद निभावून नेण्यासाठी ती जुळ्यांना आईच्या तुरुंगवासाची भीती घालते आणि लहानग्या एस्थाकडून त्या खोट्या आरोपाला होकार वदवून घेते. पुढे एस्था हळूहळू बोलणेच सोडून देतो. दलित दृष्टीने वाचणाऱ्यांनी याहून अवघड प्रश्न विचारला आहे: सर्वांत मोठी किंमत मोजणाऱ्या वेलुताचे देखणे शरीर आणि कसबी हात आपल्याला पानोपानी दिसतात, मग त्याचे मन इतके कमी का दिसते? या प्रश्नाला चाहत्यांकडून समाधानकारक उत्तर आलेले माझ्या वाचनात नाही.

(दृश्य: कोट्टायम शहर, शाळेचे आवार.)

लेखिकेच्या आई मेरी रॉय यांनी वारशाच्या याच भेदभावाविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे अम्मू म्हणजे मेरी रॉय, असे समीकरण वाचकांनी फार लवकर मांडले. ते जुळत नाही. अम्मू एकतिसाव्या वर्षी एका लॉजच्या खोलीत एकटी मरते. मेरी रॉय यांनी कोट्टायममध्ये नावाजलेली शाळा उभी केली आणि त्या २०२२ पर्यंत जगल्या. २०२५ साली आलेल्या ‘मदर मेरी कम्स टू मी’ या आठवणींच्या पुस्तकात लेखिकेने आईचा आधार आणि आईची धास्ती ही दोन्ही मांडली, तेव्हा अनेकांनी कादंबरी पुन्हा उघडली. खोलीत कोंडलेली अम्मू दाराबाहेरच्या आपल्या मुलांवर ओरडते की तुमच्यामुळेच माझी ही गत झाली, तुम्ही माझ्या गळ्यातली धोंड आहात. ते ऐकूनच मुले घर सोडून नदीकडे जातात, आणि अम्मूला संपूर्ण निर्दोष मानणारे वाचक नेमके तेच पान घाईने उलटतात.