जाहिरात टोकियोत, सूत इंडोनेशियात

[दृश्य : टोकियोचा हाराजुकू भाग. पदपथावर तरुणांची गर्दी. काचेआड रंगीबेरंगी जॅकेटांच्या भिंती.]

नोव्हेंबर 1998. हाराजुकू म्हणजे टोकियोतल्या पोरापोरींनी नटूनथटून मिरवायची जागा. इथे एक तीन मजली दुकान उघडलं. तळमजल्यावर माल एकच, फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट. किंमत 1,900 येन. दुकानाचं नाव युनिक्लो. टोकियोकरांच्या लेखी ही म्हणजे गावाकडे हायवेला लागून असलेली स्वस्त कपड्यांची दुकानं. तिथला शर्ट अंगात आहे हे कुणी ओळखलं तर ओशाळायला व्हायचं.

त्या हंगामात 20 लाख जॅकेटं खपली. पुढच्या वर्षी 85 लाख. 2000 साली 2 कोटी 60 लाख. जपानची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटींच्या घरात होती, म्हणजे तान्ही बाळं धरूनसुद्धा दर पाच माणसांमागे एक जॅकेट.

हे जाहिरातीचं यश, असं सहसा सांगितलं जातं. जाहिरात चांगली होतीच. पण 1,900 येनमध्ये ते जॅकेट शिवून आलं कुठून, हे पाहिल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

[दृश्य : यामागुची प्रांतातलं उबे शहर. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

उबे हे कोळशाच्या खाणींचं गाव. 1949 साली तिथे ओगोरी शोजी नावाचं पुरुषांच्या सुटांचं दुकान सुरू झालं. मालकाच्या मुलाचा, तादाशी यानाईंचा, जन्मही त्याच वर्षीचा. शिकून आल्यावर यानाईंनी एका मोठ्या साखळी दुकानात नोकरी धरली, वर्षभरही न टिकता सोडली आणि वडिलांच्या गल्ल्यावर येऊन बसले. 1984 साली त्यांनी हिरोशिमात पहिलं युनिक्लो उघडलं, तेही सकाळी सहा वाजता. शाळा-ऑफिस गाठण्याआधी लोकांना खरेदी करता यावी म्हणून.

तोवर हे इतरांसारखेच दुकानदार. दुसऱ्याने बनवलेला माल घ्यायचा, वर नफा लावून विकायचा. डोळे उघडले हाँगकाँगमध्ये. तिथे जिओर्डानो नावाची कपड्यांच्या दुकानांची साखळी जोरात होती. तिचे संस्थापक जिमी लाय. (हेच ते, पुढे वर्तमानपत्र काढून चीन सरकारच्या डोळ्यांत खुपले आणि तुरुंगात गेले.) जिओर्डानोची रीत यानाईंनी उचलली : डिझाइन स्वतःचं, शिलाई कंत्राटावर कारखान्यात, विक्री स्वतःच्याच दुकानात, मध्ये दलाल नाही. ऑर्डर दिली की सगळा माल आपला, आणि उरला तर तोही आपल्याच गळ्यात.

ही शेवटची अट फार महत्त्वाची. माल परत करायची सोय नसली की माणूस हजार प्रकार मागवत नाही. थोडे प्रकार निवडतो, प्रत्येकाचे नग लाखांनी घेतो आणि मग ते खपवण्यासाठी जाहिरातीत जीव ओततो.

[दृश्य : नव्वदच्या दशकातल्या जपानी टीव्ही जाहिरातींची झलक.]

सुरुवातीच्या जाहिराती मात्र अफाट होत्या. 1994 सालच्या एका जाहिरातीत ओसाकाची एक ठसकेबाज मावशी बिलाच्या काउंटरवर येते, हे बदलून द्या म्हणते आणि तिथेच अंगावरचे कपडे उतरवायला लागते. सांगायचं एवढंच होतं, की कारण न विचारता आम्ही माल परत घेतो. तक्रारींचा पाऊस पडला आणि जाहिरात बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी कंपनीने वर्तमानपत्रात छापलं : युनिक्लोला शिव्या घाला, दहा लाख येन जिंका. निंदकाचे घर असावे शेजारी म्हणतात. इथे तर निंदकाला बक्षीस लावून बोलावलं होतं! हजारो पत्रं आली. एकदा धुतला की टी-शर्टचा गळा सैल पडतो, शिवण उसवते, असाच सूर.

या तक्रारी जाहिरातीने मिटणाऱ्या नव्हत्या, त्यांचा उगम चीनमधल्या कारखान्यांत होता. तेव्हा कंपनी सुमारे 140 कारखान्यांकडून माल घ्यायची. प्रत्येकाला थोडं थोडं काम, त्यामुळे कुणालाच या गिऱ्हाइकाची फारशी पर्वा नाही. 1998 साली ही संख्या 40 च्या आसपास आणली. उरलेल्यांना कामाचा डोंगर मिळाला, आणि त्यांच्याशी दराबरोबरच दर्जावरही घासाघीस करायची ताकद आली. 1999 मध्ये शांघाय आणि ग्वांगजौला स्वतःची कार्यालयं उघडली.

[दृश्य : कापड रंगवण्याचा विभाग. वाफ, स्टीलची मोठी भांडी, ओल्या कापडाचे तागे.]

मग तिथे पाठवले 'ताकुमी'. ताकुमी म्हणजे मुरलेला कारागीर. जपानच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई यांत आयुष्य काढलेली माणसं घरी बसायच्या बेतात होती. त्यांना चीनच्या कारखान्यांत नेऊन बसवलं.

रंगाईचंच घ्या. निळ्या कापडाचा एक लॉट आज रंगवला, दुसरा उद्या. पाण्याचं तापमान किंचित हललं, कापड भांड्यात थोडं जास्त राहिलं, तरी छटा बदलते. तागा वेगळा पाहिला तर कळतही नाही. पण बाही एका लॉटची आणि छाती दुसऱ्या लॉटची आली की काखेतल्या शिवणीवर फरक लख्ख दिसतो. फ्लीस तर पुढे पन्नासच्या वर रंगांत निघालं. भिंतभर रंग मांडायची जाहिरातवाल्यांची हौस पुरवायला हा म्हातारा रंगारी भांड्याशी उभा असावा लागतो.

आणि ते 1,900 येन? तंतू जपानच्या तोरे कंपनीचा, सूत इंडोनेशियात कातलेलं, कापड आणि शिलाई चीनमध्ये. मधले व्यापारी गाळले, कच्चा माल एकदम उचलला. टीव्हीवर दिसलेल्या जाहिराती वायडेन अँड केनेडी या जाहिरात कंपनीच्या जॉन जे यांच्या देखरेखीखाली बनल्या. आरडाओरडा नाही, सेलचे फलक नाहीत. एक माणूस, एक जॅकेट आणि शेवटी किंमत. माल उत्तम असल्याची खात्री असल्याशिवाय इतकं शांत राहणं परवडत नाही.

[दृश्य : लंडनचा रस्ता, बंद शटर.]

सगळंच साधलं असं नाही. 2001 साली लंडनला गेले, भराभर 21 दुकानं उघडली आणि 2003 मध्ये त्यांतली 16 बंद केली. माल तोच, किंमत तशीच, पण हे नाव ऐकलंय कुणी?

[दृश्य : बंदरातले कंटेनर.]

खरा पेच उभा राहिला तो मालाच्या उगमाशी. जानेवारी 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदरात अमेरिकी कस्टमने युनिक्लोच्या पुरुषांच्या शर्टांचा माल अडवला. चीनच्या शिनजियांग प्रांतात वेठबिगारीने पिकवलेला कापूस त्यात असल्याचा संशय होता. कंपनीने कागदपत्रं दिली, कस्टमने ती अपुरी ठरवली. 2024 च्या नोव्हेंबरात यानाईंनी बीबीसीला सांगितलं की तो कापूस आम्ही वापरत नाही. पुढे बोलायला गेले आणि हे फार राजकीय होतं म्हणत थांबले. तेवढ्यावरूनच चीनमध्ये बहिष्काराची भाषा सुरू झाली. तेव्हा चीनमध्ये त्यांची नऊशेच्या वर दुकानं होती. जिथून माल घ्यायचा तोच देश सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला, की एका वाक्याचा खुलासासुद्धा महाग पडतो. शर्टावर कारखान्याच्या देशाचं नाव असतं. कापूस कुठल्या शेतातला, ते नसतं.

[दृश्य : मुंबई, कुर्ला. फिनिक्स मार्केटसिटी.]

मुंबईत युनिक्लो ऑक्टोबर 2023 मध्ये आलं, दिल्लीत त्याआधी चार वर्षं, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये. भारतासाठी कुर्त्यांचं कलेक्शन काढलं, रीना सिंग यांच्या डिझाइनचं. पण कुर्त्याइतकाच कळीचा होता आपल्याकडचा एक नियम. एकाच ब्रँडचं दुकान चालवणाऱ्या कंपनीत परकी भांडवल निम्म्याहून जास्त असेल, तर 30 टक्के माल भारतातून घ्यावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये सरकारने तो सैल केला. भारतात शिवून जगभर पाठवलेला मालही आता त्या हिशेबात धरला जातो. म्हणजे इथल्या कारखान्यात शिवलेला शर्ट टोकियोत विकला गेला, तरी तो कुर्ल्याच्या दुकानाच्या खात्यावर मोजता येतो.