अजिंठ्याचा सोमवार, वेरूळचा मंगळवार

मंडळी, चॅटबॉटला विचारून सहल आखावी की नाही, हा वाद आता घालण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता लोक त्याला 'तीन दिवसांची सहल आखून दे' म्हणू लागले. म्हणावंही. फक्त त्याच्या कुठल्या उत्तरावर विसंबायचं आणि कुठलं पडताळून घ्यायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे. आपण अजिंठा-वेरूळचंच उदाहरण घेऊ.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास, आणि दिशा वेगळ्या. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकलेल्या कुटुंबानं अजिंठा आधी करायला हवा आणि सोमवार वेरूळला ठेवायला हवा. उलट झालं, तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन शंभर किलोमीटर जायचं आणि बंद दारावरून परत फिरायचं.

चॅटबॉट इथे का चुकू शकतो, ते समजून घ्या. वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे, पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ठरवत तो वाक्य रचत जातो. अजिंठा आणि वेरूळ ही नावं लिखाणात जोडीनं येतात, सोमवार-मंगळवारही त्यांच्याच शेजारी. कुठला वार कुठल्या लेण्यांचा, ही गाठ सैल राहू शकते. आणि चुकीचा वारसुद्धा तो बरोबर वाराइतक्याच ठामपणे सांगतो. मला यातली सर्वांत मोठी अडचण हीच वाटते. माणूस अडखळतो, 'बहुतेक' म्हणतो, आपण सावध होतो. इथे ती खूण मिळेलच असं नाही. इंटरनेटवर शोधून उत्तर देणारे चॅटबॉट आता आहेत, पण त्यांनी उघडलेलं पान जुनं असेल तर उत्तरही जुनंच.

रेल्वेचंच बघा. आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. १२० दिवस सांगणारा मजकूर मात्र अजून ढिगानं पडलेला आहे. कोकणात जायचं तर महिना सांगितल्याशिवाय प्रश्नच विचारू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात.

याउलट अजिंठ्याची दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रं जागची हलत नाहीत. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि तिथे चॅटबॉट खरोखर कामाला येतो. त्याला घरची परिस्थिती मोकळेपणानं सांगा: 'आम्ही पाच जण. आईचे गुडघे दुखतात. मुलीला गाडी लागते. दोन्ही रात्री मुक्काम एकाच ठिकाणी हवा. आखणी देण्याआधी तुला जे विचारायचं असेल ते मला विचार.' हे शेवटचं वाक्य विसरू नका. मग 'आई दमली तर कुठलं लेणं पाहून परतावं?' असंही विचारता येतं. पद्मपाणीचं चित्र पहिल्याच लेण्यात आहे, दुसरं लेणं त्याला लागूनच. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं शिल्प मात्र सव्विसाव्यात, म्हणजे वाघूर नदीच्या वळणानं पार टोकापर्यंत चालायचं. आईला नेमकं कुठे चालावं लागेल, हेही विचारा. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवायची, तिथून चारेक किलोमीटर एसटीची बस, मग पायऱ्या. पायऱ्या चढवत नसतील तर डोली. बस किती वाजेपर्यंत असते, डोलीचे किती घेतात, हे मात्र फोन करूनच विचारा. फोन नंबर अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. चॅटबॉटनं दिलेल्या नंबरवर आगाऊ पैसे पाठवू नका.

२०२४मध्ये कॅनडात एक निकाल लागला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं, ज्याच्या घरी कुणाचा मृत्यू झाला होता अशा एका प्रवाशाला, भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येईल असं सांगितलं. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव लवादानं फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई मिळाली. पण तो कंपनीचा स्वतःचा चॅटबॉट होता. आपण विचारतो तो आपल्या फोनवरच्या चॅटबॉटला. त्यानं सोमवारी अजिंठ्याला पाठवलं, तर गाडीभाडं आणि हॉटेलचे पैसे लेणीवाल्यांकडे मागता येणार नाहीत. म्हणून बंदचे वार आधी पडताळायचे, बुकिंग त्यानंतर करायचं.