लघवीची नळी: नंबर, फुगा आणि तारीख

नमस्कार श्रोतेहो. गेल्या पावसाळ्यात हर्णैजवळच्या एका घरी गेले होते. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवी अडलेली, म्हणून आजोबांना नळी घातलेली. आजोबा पडवीत खाटेवर, आणि नळीतून लघवी जमते ती पिशवी वर खिडकीच्या गजाला! सुनेला विचारलं तर म्हणाली, "खाली ठेवली की कोंबड्या टोचतात हो सिस्टर."

आता कोंबड्यांना काय बोलणार? पण पिशवी वर टांगली की लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतूंना आयती वाट मिळते. आम्ही ती खाटेच्या माच्याला बांधली, मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकणारी. कोंबड्या मागच्या वाडीत हाकलल्या.

या नळीला फोली कॅथेटर म्हणतात. आतल्या टोकाला फुगा असतो, त्यात साधारण १० मिली निर्जंतुक पाणी भरतात. नळी आत राहते ती त्याच्या जोरावर. बिनफुग्याची साधी नळी लघवी काढली की लगेच बाहेर. पुरुषांना बाहेरून चढवायचं कंडोम कॅथेटरही मिळतं, पण लघवी अडलेली असेल तर ते कुचकामी.

नळीवरच्या नंबराला ३ ने भागा, मिलिमीटरमध्ये जाडी मिळेल. १४ नंबरच्या नळीचं फुगा भरायचं तोंड हिरवं, १६ चं नारिंगी. "बाजूने गळते, जाड नळी घाला," असं घरचे हमखास सांगतात. अहो, गळते ती बहुधा मूत्राशय आखडल्यामुळे, नळी दुमडल्यामुळे, नाहीतर बद्धकोष्ठामुळे. जाड नळीने त्रासच वाढतो.

घातल्याची तारीख कॅलेंडरवर लिहाच. लॅटेक्सची नळी फार तर ४ आठवडे, सिलिकॉनची १२. आणि मुदत आहे म्हणून ठेवायची नसते. गरज संपली का, हे डॉक्टरांना दर खेपेला विचारा.

काढताना मात्र ओढू नका, कापू तर मुळीच नका. फुगा भरलेला असताना ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. आजोबांच्या वेळी मी फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावली, पाणी आपसूक परत येऊ दिलं, भरलं तेवढं आलं का ते मोजलं. मग म्हटलं, "आजोबा, मोठा श्वास घ्या." नळी अलगद बाहेर.

पुढे ६ ते ८ तासांत लघवी झाली नाही, किंवा पोट फुगून दुखलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आजोबांनी पेज घेतली, दोनदा परसात जाऊन हात हलवत आले. तिसऱ्यांदा गेले ते बराच वेळ आले नाहीत. सून उंबऱ्यात उभी. तेवढ्यात माडाच्या आडून आवाज आला, "झाली गो एकदाची!"