हानाला दगडावर बसायचंय

श्रोतेहो, नमस्कार.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. उघड्यावर एक दगड आहे, फार मोठा नाही. त्याच्यापुढे दीड वर्षांची हाना उभी आहे. तिला त्या दगडावर बसायचंय.

तुम्हाआम्हाला यात अवघड ते काय? पाठ फिरवायची आणि टेकायचं. हानाचं अडतं ते तिथेच. पाठ फिरवली की दगड दिसेनासा होणार! मग ती दगडाभोवती फेरी घालते. आणखी एक. पुन्हा एक. नजर दगडावरून ढळत नाही. शेवटी ती ओणवी होते, स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघते आणि तशीच उलट्या पावलांनी दगडाकडे सरकते.

हे टिपलं कुर्ट लेविन यांनी. बर्लिन विद्यापीठात ते मानसशास्त्र शिकवत. त्यांची संस्था होती कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, जुन्या राजवाड्यात, पण हाना त्यांना दिसली ती मोकळ्या हवेत. तिला उचलून बसवावं, असा मोह कुणालाही झाला असता. लेविन कॅमेरा फिरवत राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांचं सांगणं असं, की वस्तू नुसत्या पडून नसतात. त्या आपल्याला ओढतात, नाहीतर दूर लोटतात. मराठीत आपण सहज म्हणतो ना, ‘ओढ लागली’? दगडाची ओढ हानाला त्याच्याकडे तोंड करायला लावते. बसायचं तर तोंड फिरवायला हवं. हवं ते मिळवायला आधी त्याच्याकडे पाठ करायची, हे त्या वयात उमगत नाही.

1929 साली अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. लेविन बोलले जर्मनमध्ये. समोरच्या अनेकांना ती भाषा येत नव्हती; पडद्यावरची हाना मात्र त्यांना कळली. या फिल्ममुळे काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना आपले सिद्धांत बदलावे लागले, असं गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पुढे लिहिलं.

1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. लेविन ज्यू, त्यांनी जर्मनी सोडली. पुढे अमेरिकेतल्या आयोवात, म्होरक्या कसा आहे यावर गटाचं वागणं कसं बदलतं हे बघायला, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं केली. मुलं मुखवटे बनवत आणि लपवलेला कॅमेरा चालू असे. एका गटाचा मोठा माणूस नुसते हुकूम सोडी. दुसऱ्या गटाचा मुलांना विचारून ठरवी. मग तो मोठा माणूस खोलीबाहेर जाई. हुकमाच्या गटातलं काम थंडावे. दुसऱ्या गटातली मुलं मुखवटे रंगवत राहत.

नमस्कार.