करपा आणि नायटा

[दृश्य: रावेर तालुका. सकाळची केळीची बाग. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक शेतकरी.]

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मधल्या या पट्ट्यात केळीच्या पानावर पिवळी रेघ उमटली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती रेघ तपकिरी होते, तिचे ठिपके होतात आणि बघता बघता पान भाजल्यासारखं करपून जातं. हा करपा. फिजी बेटांवरच्या सिगाटोका खोऱ्याच्या नावावरून पुस्तकात त्याला सिगाटोका म्हणतात. रोग बुरशीचा.

या बागेचे मालक साठीच्या घरातले. त्यांना विचारलं, नाना, करप्याला काय मारता? ते म्हणाले, "एकच औषध सारखं मारायचं नाही. दोन फवारण्या झाल्या की बदलायचं. नाहीतर करपा ऐकत नाही. आणि रोगट पान आधी कापून बागेबाहेर न्यायचं."

बोलता बोलता त्यांचा हात कमरेकडे जात होता. खाजवायला.

[दृश्य: हाताचा क्लोजअप. कमरेवर, पट्ट्याच्या जागी, लालसर कडेचं मोठं वर्तुळ.]

कडेला लाल, उंचावलेलं, पुरळ आलेलं. मधे निवळलेलं. नायटा. कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी दाद. नानांना दीड वर्षापासून आहे. घरात सूनबाईंना आहे, नातवालाही आहे. अहिराणीत त्यांनी एका ओळीत सगळा इतिहास सांगितला: "मलम लावं का खाज थांबस, सोडं का परत येस."

ही बुरशीच. केळीवरची वेगळी, माणसावरची वेगळी, पण कूळ एक. करप्याबद्दल इतकं नेमकं जाणणारा माणूस स्वतःच्या अंगावरच्या बुरशीपुढे दीड वर्ष हतबल का, हे समजून घ्यायला आम्ही निघालो.

[दृश्य: त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना. काचपट्टी, सूक्ष्मदर्शक.]

तपासणी अगदी साधी आहे. वर्तुळाच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशी मात्र टिकून राहते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की दिसतात लांब, फांद्या फुटलेले, पेरापेरांचे धागे. आम्ही नानांनाही दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले.

हे धागे केराटिनवर जगतात. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा मृत थर, नखं आणि केस ज्याचे बनलेले असतात, ते केराटिन. घाम आणि कोंडलेली ऊब मिळाली की त्यांचं फावतं. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. त्यात घट्ट जीन्स, पॉलिस्टरचा शर्ट आणि दिवसभर ओला राहणारा कमरेचा पट्टा. पावसाळ्यात पायाच्या बोटांमधे चिखल्या होतात, त्यांतही बऱ्याचदा हीच मंडळी असतात.

[दृश्य: टेबलावर नानांनी आणलेल्या अर्ध्या पिळलेल्या ट्यूब. एक, दोन, पाच, सात.]

आता या ट्यूबकडे बघा. मेडिकलमधे "खाजेचं मलम द्या" म्हटलं की हातात येणाऱ्या. यांतल्या बऱ्याच ट्यूबमधे तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं एक, जिवाणूंवरचं एक, आणि तिसरं क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. खाज थांबते ती त्याच्यामुळे.

खाज आणि लाली म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध उघडलेली लढाई. स्टेरॉइड ती लढाई बंद पाडतं. दोन दिवसांत आराम वाटतो, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी बिनधास्त पसरत जाते. मलम बंद केलं की आग दुप्पट. महिनोन्‌महिने असं चाललं की गोल कड पुसट होते आणि नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. जांघेत कातडी पातळ होऊन चिरांसारखे पट्टे पडतात. ते पट्टे कायमचे. अशा तरुण मुलांना आम्ही भेटलो. लाजेने कुणाला दाखवत नव्हती, म्हणून मेडिकलवरच भागवत होती. त्यांचा राग येत नाही. वाईट वाटतं.

२०१८ साली केंद्र सरकारने मलमातल्या अनेक स्टेरॉइडना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची मुभा काढून घेतली. पण कायदा झाला म्हणून सवय सुटत नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, औषधांच्या बाटल्या.]

मुळात बुरशीवर औषध शोधणं अवघड आहे. जिवाणू आपल्यापेक्षा फार वेगळा, त्याला मारताना आपल्या पेशी वाचवता येतात. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची. तिची पेशी आपल्या पेशीसारखीच चालते. एक फरक मोठा कामाचा आहे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधं याच फटीतून आत शिरतात.

१९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुने टपालाने जात-येत. त्यानंतरच्या दशकात आपल्या पिंपरीतही हेच घडलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक वेगळं केलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पिंपरीचं नाव असं विज्ञानात कोरलेलं आहे, आणि महाराष्ट्रात ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

नानांच्या चिठ्ठीवर आली इट्राकोनॅझोल. ती एर्गोस्टेरॉल बनवायच्या साखळीतली एक कडी तोडते. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं दुसरं औषध, ते आधीची कडी तोडतं. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली की निम्मं औषध वाया. ही गोष्ट चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायला हवी असं मला मनापासून वाटतं. यकृताचा त्रास असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं.

टर्बिनाफिन का नाही दिलं? त्याचं उत्तर २०२० मध्ये मिळतं. त्या वर्षी जपानी संशोधकांनी नायट्याच्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. इंडो म्हणजे आपणच. टर्बिनाफिन ज्या ठिकाणी पकडतं, तिथेच या बुरशीत बदल झालेला आढळतो, आणि औषधाची पकड सुटते. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रुग्णांतही सापडली. अर्धवट घेतलेले डोस आणि स्टेरॉइडच्या ट्यूब यांनी तिला मोकळं रान दिलं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

[दृश्य: पुन्हा बाग. फवारणीच्या बाटलीवरचं लेबल.]

करप्यावर मारतात ते प्रोपिकोनॅझोल. नाव नीट ऐका. प्रोपिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्ही त्याच कडीवर घाव घालणारी. शेतात या घराण्याची औषधं वापरल्याने फुप्फुसाला ग्रासणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीत प्रतिकार तयार होतो, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासांनी पुढे आणलं. तसा प्रतिकार असलेली ॲस्परजिलस भारतातही सापडली आहे. नायट्याची बुरशी बागेत राहत नाही, ती माणसाकडून माणसाकडे जाते. तिच्या प्रतिकाराचा दोष फवारणीवर टाकता येणार नाही.

[दृश्य: ज्वारीची काढणी. कणसांवर ऊन.]

एक धोका मात्र थेट शेतातूनच येतो. काढणीत ज्वारीचं धारदार पान किंवा कुसळ डोळ्याला लागतं. पुढे डोळा लाल होतो, पाणी येतं, बुबुळावर पांढरा डाग दिसतो. ही बुरशी असू शकते, बहुधा फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस. यावर नॅटामायसिनचे थेंब आहेत. पण घरातल्या जुन्या बाटलीतले स्टेरॉइडचे थेंब टाकले तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

२०२१ ची काळी बुरशी खान्देशातही घराघरात चर्चेत होती. वाढलेली साखर, कोरोनात दिलेली स्टेरॉइडं, आणि ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावपळ. कुणाचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. त्यावर स्वतंत्र फिल्म लागेल.

[दृश्य: दवाखाना. नाना उठायच्या बेतात.]

डॉक्टरांनी सांगितलं: डाग दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत गोळी सुरू ठेवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. अंतर्वस्त्रं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. त्या सात ट्यूब इथेच ठेवून जा. आणि सूनबाईंना, नातवाला घेऊन या.

नाना दारातून वळले. "म्हणजे सगळ्या घराची फवारणी एकाच वेळी?"

"हो नाना. शेजारच्या बागेत करपा ठेवून तुमची बाग साफ राहते का?"

[दृश्य: नानांचं अंगण. दोरीवर पाच वेगवेगळ्या रंगांचे टॉवेल. मे महिन्याचं ऊन.]