कोरा रकाना

'मौनं संमतिलक्षणम्' हे आपण बहुतेक वेळा चेष्टेत म्हणतो. अवयवदानाच्या बाबतीत काही देशांनी त्याचा कायदाच करून टाकलाय. हयातीत 'नको' असं नोंदवलं नसेल तर होकार धरायचा. इतरत्र उलट, स्वतःहून 'हो' म्हटलं असेल तरच होकार.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया शेजारी, भाषाही एकच. २००३ साली जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी दाखवलं की ऑस्ट्रियात संमती ९९.९८ टक्के आणि जर्मनीत १२. सरहद्द ओलांडली की माणसं एकदम दानशूर होतात की काय? तसं काही नाही. ऑस्ट्रियात काहीच न कळवणारा 'हो'मध्ये मोजला जातो, जर्मनीत 'नाही'मध्ये. बहुतेकांनी दोन्हीकडे काहीच कळवलेलं नसतं. या आकड्यावर टाळ्या घेणारी भाषणं मी ऐकली आहेत. त्यात लोकांच्या इच्छेपेक्षा लोकांची टंगळमंगळच जास्त दिसते. माझा स्वतःचा फॉर्म दोन वर्षं खणात पडून होता, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगतोय.

खरा निर्णय होतो अतिदक्षता विभागात. क्षणभर तिथे उभे राहा. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत. आणि डॉक्टर सांगतायत की माणूस गेला. व्हेंटिलेटर काढून पाहिलाय, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तरी एकही श्वास आला नाही. मेंदूचं काम कायमचं थांबलंय. हे समजून घ्यायला बायकोला किती वेळ मिळतो? काही तास. तेवढ्यात तिला विचारायचं असतं.

स्पेनमध्ये १९७९ पासून गृहीत संमतीचा कायदा आहे, तरी तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. अवयवदानात स्पेन वर्षानुवर्षं जगात आघाडीवर आहे, आणि त्याचं श्रेय तिथले जाणकार कायद्याला फारसं देत नाहीत. ते बोट दाखवतात १९८९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय यंत्रणेकडे आणि रुग्णालयांतल्या प्रशिक्षित समन्वयकांकडे. प्रश्न कसा विचारला यावर पुष्कळ अवलंबून असतं. 'तुमची परवानगी आहे का?' म्हटलं की सगळा भार त्या बाईच्या डोक्यावर. 'त्यांना काय आवडलं असतं?' म्हटलं की ती साक्षीदार होते.

आता गंमत बघा. घर कुणाला द्यायचं हे मृत्युपत्रात लिहिलं तर मुलांनी नाक मुरडलं तरी ते चालतं. मूत्रपिंडाबद्दल सही करून ठेवली, तरी मुलगा 'नको' म्हणाला की बऱ्याच ठिकाणी डॉक्टर मागे सरतात, कायदा बाजूने असला तरी. मी त्यांना दोष देत नाही. प्रेताशेजारी भांडण कोण मांडणार? पण मग माझ्या सहीची किंमत काय?

तरीही गृहीत संमतीची मला धास्तीच वाटते. ब्राझीलने १९९७ मध्ये तसा कायदा केला. नको असेल त्याने ओळखपत्रावर तशी नोंद करून घ्यायची. लोक बिथरले, आणि १९९८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. सिंगापूरचा कायदा १९८७ चा, तो मात्र टिकला. तिथे नकार नोंदवणारा स्वतःला अवयव लागला तर रांगेत मागे जातो. हिशेब चोख वाटतो खरा. पण नकाराला दंड लावला की तो मोकळा नकार राहिला का?

नेदरलँड्सची नोंदवही मला त्यातल्या त्यात सभ्य वाटते. तिथे चार उत्तरं चालतात: हो, नाही, घरचे ठरवतील, किंवा मी नाव दिलेली व्यक्ती ठरवेल. २०२० पासून तिथेही न बोलणाऱ्याच्या नावापुढे 'हरकत नाही' अशी नोंद होते, पण आधी पत्रं पाठवून विचारतात. अमुक एकाने ठरवावं, असं म्हणणं हाही माझाच निर्णय असतो, हे त्या चौथ्या उत्तराने मान्य केलंय.

तर तो खणातला फॉर्म. शेवटी भरायला घेतला आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळ्याला तिने मान हलवली. डोळ्यांपाशी आलो तशी म्हणाली, "डोळे नको हं." मी म्हटलं, शरीर माझं आहे. ती म्हणाली, "आणि बघणार कोण आहे तेव्हा, मीच ना?" तेवढा एक रकाना अजून कोरा आहे.