अर्धा गुंठा

(काळोख. फक्त यंत्रमागाचा खटखटाट. हळूहळू पत्र्याच्या फटीतून पिवळा उजेड.)

सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, पहाटे जाग कशानं येते. माग बंद पडला की येते, म्हणेल. टॉवेल विणणारा हा आवाज इथल्या भिंतींत मुरलाय. तो थांबला म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे मजुरी गेली.

आपल्याला मात्र या आवाजाच्या पलीकडे जायचंय. हद्दवाढ भागात, म्हणजे शहरात नंतर आलेल्या कडेच्या गावांत. रिक्षावाला 'तिकडं का?' असं एकदा विचारतो आणि मगच मीटरऐवजी आपला भाव सांगतो. डांबर संपतं, मग मुरूम लागतो, मग नुसती वाट. दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं. पत्र्यावर दगड, टायर, एक मोडकी सायकल. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून.

(हात. अगदी जवळून.)

हे हात बघा. तेंदूचं पान आधी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. त्यावर पत्र्याचा साचा, साच्याच्या कडेनं कात्री. चिमूटभर तंबाखू. एक वळण, दोऱ्याचे वेढे, तोंड दुमडलं, झाली विडी. या हातांची मालकीण विडीकडे बघतसुद्धा नाही. ती आमच्याशी बोलतेय, नातवाला दटावतेय आणि गल्लीत कोण शिरलं त्यावरही तिची नजर आहे. हजार विड्या झाल्या की त्या कारखान्यात जातील, तिथं छाट निघेल, आणि उरतील तेवढ्यांचे पैसे.

गल्ली तिला अक्का म्हणते. आपणही अक्काच म्हणू.

(दारामागचा खिळा. खिळ्याला साडीच्या दुकानाची पिशवी.)

अक्काच्या घरातली सगळ्यात महागाची वस्तू या खिळ्याला टांगलेली आहे. पावसाळ्यात घर गळायला लागलं की आधी ही पिशवी हलते, मग गाद्या. पिशवीत रेशन कार्ड, आधार, विडी कामगाराचं ओळखपत्र, लाइटबिलं, बँकेचं पासबुक. आणि तळाशी, चिकटपट्टीनं जोडलेला, घड्यांवर फाटलेला एक बॉण्ड, म्हणजे स्टॅम्पपेपरवर लिहिलेला जागेचा सौदा. नव्वदच्या दशकातला.

बॉण्डवर चतुःसीमा लिहिली आहे. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमुक. क्षेत्र अर्धा गुंठा.

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. अर्धा म्हणजे साधारण 545. आपल्याकडच्या बऱ्यापैकी लग्नाचं स्टेज याहून मोठं असतं. पण नवऱ्याची मागावरची मजुरी आणि हिच्या विड्या, दोन्हींतून साठवून घेतलेली ही जागा. पैसे मोजून दिलेत, साक्षीदारांच्या सह्या आहेत, पंचवीसएक वर्षं राहणं आहे. फक्त सातबाऱ्यावर अक्काचं नाव नाही. सातबाऱ्यावर अजूनही ज्याचं शेत होतं त्याचंच नाव.

ही एकट्या अक्काची गोष्ट असती तर आम्ही कॅमेरा घेऊन इथवर आलो नसतो.

(जुनी छायाचित्रं. गिरणीची चिमणी. भोंगा.)

1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढं आणखी गिरण्या आल्या, म्हणून तिचं नाव पडलं जुनी गिरण. कामाला माणसं लागली. तेलंगणातून विणकर आले, विजापूर-कलबुर्गीकडून कानडी माणसं आली, मराठवाड्याच्या दुष्काळानं तिकडची माणसं आली. म्हणून या शहरात घरात तेलुगू, बाजारात कानडी आणि कचेरीत मराठी चालते. अक्काला तिन्ही येतात. अर्ज फक्त तिसरीत असतो, आणि वाचायची वेळ आली की नेमकी तीच अडते.

जुनी गिरण साठच्या दशकात बंद झाली. नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत बाकीच्याही एकेक करून थंडावल्या. भोंगा गेला, पण भोंग्यावर जगणारी माणसं कुठं जाणार? पुरुष यंत्रमागावर गेले. बायकांच्या मांडीवर विड्यांचं सूप तर आधीपासूनच होतं, आता त्याच सुपावर अख्खं घर आलं. चाळीत मावेनात तेव्हा माणसं शहराच्या कडेला सरकली.

तिथं शेतं होती. शेतकऱ्याला एकरानं विकण्यापेक्षा गुंठ्यानं विकणं परवडायचं, आणि कामगाराला गुंठ्याहून जास्त घेणं झेपायचं नाही. कायद्याला मात्र हा सौदा मान्य नव्हता. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा शेताचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पडू देत नव्हता. हेतू चांगला होता, शेती टिकावी. पण त्यामुळं अर्ध्या गुंठ्याची खरेदी नोंदवायची कशी? नोंदवायचीच नाही. बॉण्डवर लिहायची.

1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली. सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एका झटक्यात 178 चौरस किलोमीटरचं झालं. शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, बाळे ही गावं रात्रीत शहर झाली. शेतं शहरात आली, पण शेताचे कागद शेताचेच राहिले. तीस वर्षं झाली, लोक अजून 'हद्दवाढ भाग' म्हणतात. नव्या सुनेला वर्षानुवर्षं 'नवीन' म्हणत राहावं तसं.

(महापालिकेतलं टेबल. फायलींची चळत. गुलाबी नाडी.)

आता पंतप्रधान आवास योजनेकडे येऊ. शहरांसाठीची ही योजना जून 2015 मध्ये सुरू झाली, 2024 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. तिच्या अनेक घटकांपैकी अक्काच्या कामाचा एकच. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधायचं, कचेरीच्या भाषेत बीएलसी. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, मिळून अडीच. अटी ऐकायला सोप्या. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत. देशात कुठंही पक्कं घर नको. घर बाईच्या नावावर, नाहीतर दोघांच्या. आणि जागा स्वतःची हवी.

शेवटच्या अटीपाशी अक्काची पिशवी उघडते आणि बंद होते.

(पत्र्याच्या दारात उभी बाई. खांद्याला पर्स, काखेत रजिस्टर.)

ही महापालिकेची समूह संघटिका. हिचं काम एका वाक्यात सांगता येत नाही. बचत गट बांधायचे, त्यांची पुस्तकं लिहायला शिकवायची, बँकेत जाऊन खातं उघडून द्यायचं. फेरीवाल्याला स्वनिधीचं कर्ज मिळतं का बघायचं, पहिलं 15 हजारांपर्यंतचं. कुणाची शिवणकामाच्या शिकवणीत नावं घालायची. घरकुलाचा अर्ज भरायला बसवायचं, आणि अर्ज भरला की त्याच्या मागं फिरायचं. योजना मंत्रालयातून निघते हे खरं. ती या गल्लीत पोचते ती हिच्या चपलेतून.

आम्ही दोन दिवस हिच्या मागं चाललो. पहिल्याच दिवशी आमच्या आवाजवाल्याच्या बुटाचा तळ सुटला.

"अक्का, उत्पन्नाचा दाखला जुना झाला. तहसीलमधून नवा काढावा लागतोय."

"परत?"

"परत."

"मागच्यापेक्षा उत्पन्न वाढलंय का माझं, मॅडम? मग तोच चालू दे की!"

यावर संघटिकेनं काय उत्तर दिलं ते ध्वनिमुद्रणात नाही. दोघी हसताना मात्र सापडल्या आहेत.

अर्ज जमला, कागद लागले, की वॉर्डावॉर्डांतली नावं एकत्र करून महापालिका प्रकल्प अहवाल करते. तो अहवाल जातो म्हाडाकडे, कारण राज्यात या योजनेची सुकाणू यंत्रणा म्हाडा. तिथून राज्याच्या समितीपुढं, मग दिल्लीच्या मंजुरी समितीपुढं. सोलापूरच्या गल्लीतलं नाव दिल्लीला जाऊन येतं. नावात एक काना इकडचा तिकडं झाला, आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं निघालं, तर नाव जिथं असेल तिथं थांबतं. तेलुगू नावांचं तर विचारू नका. एकाच बाईची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं आम्ही या डोळ्यांनी पाहिली. संघटिकेच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळं पान आहे. वर लाल शाईनं लिहिलंय, 'नाव दुरुस्ती'.

(मोबाइलचा पडदा. पडद्यात जोतं, जोत्यावर उभी बाई.)

अक्काच्या मागच्या गल्लीत एक घर या सगळ्यातून पार पडलं. म्हणजे जोत्यापर्यंत. इथं पैसे एकदम मिळत नाहीत. जोतं झालं की एक हप्ता, मग लिंटेल, मग स्लॅब, मग पूर्ण घर. प्रत्येक टप्प्याला अभियंता येतो, मोबाइलवर फोटो काढतो, आणि त्या फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश चिकटतात. फोटोत जिचं घर तिनं उभं राहायचं.

"ताई, जरा डावीकडं. खड्डा दिसू द्या."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि खड्ड्याच्या काठावर लग्नातल्या फोटोसारखी ताठ उभी राहिली. गवंडी मागं पाटी घेऊन थांबला होता. त्याला आम्ही विचारलं, अडीच लाखांत होतं का घर? "स्लॅबपर्यंत जातं," तो म्हणाला. "त्याच्या पुढं गट." म्हणजे बचत गटाचं कर्ज.

योजनेतलं घर आतून 30 ते 45 चौरस मीटरचं, लहानात लहान सव्वातीनशे फुटांच्या आसपास. कागदाचं निस्तरलं, तर अर्ध्या गुंठ्यात ते आरामात बसतं. वर दोन फूट अंगण उरतं, विड्या वळायला.

(ड्रोन. कुंभारी. इमारतींच्या रांगा क्षितिजापर्यंत.)

शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारी. सोलापुरात गरिबांच्या घरांचा विषय निघाला की बोट इकडंच जातं, आणि ते बरोबर आहे. विडी कामगार बायकांनी संघटना केली, मोर्चे काढले, लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं उन्हात बसल्या. आडम मास्तर, म्हणजे माजी आमदार नरसय्या आडम, या लढ्याचे पुढारी. त्यातून गोदूताई परुळेकर घरकुल उभं राहिलं, दहा हजार घरांचं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इथं आले होते. मग मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहत. मग रे नगर, 30 हजार घरांचा संकल्प. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, फेरीवाले, चालक, अशा असंघटित माणसांसाठी. जानेवारी 2019 मध्ये पायाभरणी, 19 जानेवारी 2024 ला पहिल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या. दोन्ही वेळेला पंतप्रधान मोदी हजर.

जे गृहनिर्माण कागदावर मावत नाही ते मोर्च्यानं करून दाखवलं, असा हा माळ आहे.

(निवेदन थांबते. बाल्कनीत वाळत घातलेल्या साड्या. जिन्यात बसून विड्या वळणाऱ्या तिघी. बसची वाट बघणारी रांग. सत्तर सेकंद.)

हा माळ महापालिकेच्या हद्दीत नाही. काम शहरात, घर कुंभारीत, आणि मधला खर्च ज्याचा त्याचा.

(परत अक्काची गल्ली. दुपार.)

अक्का कुंभारीला गेली नाही. मुलगा इथल्या मागावर, नात इथल्या शाळेत, विडीचा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. तिला हीच जागा हवी. आणि तिच्यासारख्यांसाठी वाट नाही असंही नाही. गुंठ्यानं विकलेल्या अशा जागांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहेच. 2021 मध्ये तो दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची मुभा मिळाली. मोजणी करायची, नकाशा काढायचा, शुल्क भरायचं, जागा नियमित करून घ्यायची. मग बांधकाम परवाना. मग बीएलसी. आमच्या मते या शहरातलं सगळ्यात स्वस्त घर इथंच लपलंय. जमीन आहे, माणूस राहतोय, गटार दहा फुटांवर आलंय. कमी आहे ती एका शिक्क्याची.

पण नकाशा एकट्या अक्काचा होत नाही. सातबारा सगळ्यांचा एक, म्हणून नकाशाही सगळ्या गल्लीचा एक. कुणी गावी गेलेलं, कुणी वारलेलं, कुणाचा बॉण्डच उंदरानं खाल्लेला. संघटिकेनं चार संध्याकाळी बैठका घेतल्या. कुणाच्या न्हाणीची भिंत कुणाच्या हद्दीत येते यावर त्यातल्या तीन गेल्या. चौथ्या बैठकीत वर्गणी ठरली, आणि आज मोजणीवाला आलाय.

(टेप. फक्कीची पांढरी रेघ.)

टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं अक्काच्या नातवाच्या. पोरगं ते असं धरून उभं आहे, जसा जत्रेतला नंदीध्वजच पेलतंय. मोजणीवाला रेघ ओढत पुढं सरकतो. रेघ अक्काच्या उंबऱ्यापासून निघते, शेजारणीच्या तुळशीला वळसा घालते, आणि न्हाणीच्या भिंतीपाशी येऊन थांबते. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी. अक्काही हातातलं सूप खाली ठेवून उठलेली. संघटिका दोघींच्या मध्ये. गल्ली श्वास रोखून.

"साडेतीन इंच आत आहे," मोजणीवाला म्हणतो.

"कुणाच्या आत?"

तो तोंड उघडणार एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून पोराची आरोळी येते. "पाणी येऊलालंय!"

इतक्या दिवसांनी आलेलं पाणी. सगळ्या बायका घागरी घेऊन नळाकडं पळतात, अक्का पुढं, शेजारीण तिच्या मागं. नातू टेप टाकून बादली उचलतो. टेप सळकन मोजणीवाल्याच्या पायाशी येऊन गोळा होतो.

(रिकामी गल्ली. पांढरी रेघ. लांबून घागरींचा आवाज.)